आमच्याकडे खाकी शेवटी आली

मेश्रामकाका फाटकातून आत आले तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांचा डबा होता. तो डबा मी लहानपणापासून ओळखते. ॲल्युमिनियमचा, दोन पुडांचा, कडीला सुतळी बांधलेली. खालच्या पुडात पोहे, वरच्या पुडात चण्याची लालभडक तर्री. दर रविवारी सकाळी तो डबा आमच्या बाहेरच्या जिन्याने गच्चीवर जायचा आणि रिकामा होऊन खाली यायचा. त्या रविवारी मात्र मेश्रामकाका तो घेऊन दवाखान्यात गेले होते, कारण विनूकाकाने आदल्या दिवशी त्यांना बजावलं होतं, "उद्या रविवार आहे मेश्राम. नियम म्हणजे नियम." डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं. मेश्रामकाका म्हणाले होते, "खाऊ नको गा, वास तर घेशील." ... आता ते आमच्या ओट्यावर बसले, डबा मांडीवर घेतला आणि सुतळीची गाठ सोडू लागले. गाठ सुटेना. डबा भरलेला होता, हे मला त्यांच्या मांडीवर तो कसा बसला होता त्यावरून दिसलं, आणि तेवढ्यावरून बाकीचंही कळलं. आई हात पुसत बाहेर आली. मान वर न करता ते म्हणाले, "विनू गेला, वहिनी. मी दवाखान्याचा जिना चढून राहिलो होतो, तेवढ्यात गेला."

विनूकाका माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. सक्करदऱ्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर टिनाच्या छपराची एक खोली आहे, तिथे राहायचा. लहानपणी आलेल्या तापाने त्याच्या हृदयाची एक झडप बिघडली होती, त्यामुळे जिना चढताना तो मधल्या पायरीवर थांबायचा आणि कोणी पाहत असेल तर चपलेचा अंगठा नीट करत असल्याचं दाखवायचा. पेपरात नाव यावं असं त्याने काही केलं नाही. बी.एस्सी. पुरी झाली नाही, लग्न झालं नाही, गिटार वाजवायचा पण चारचौघांत कधी वाजवली नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. मराठीत एवढं लांब मी आजवर परीक्षेतसुद्धा लिहिलेलं नाही. तरी लिहिते आहे, त्याला एक कारण आहे. ते शेवटी येईल.

या सगळ्याची सुरुवात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये झाली. एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब निवृत्त होऊन बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला निघाले होते आणि घरातलं सामान विकत होते. काका तिथे रेकॉर्डप्लेअर बघायला गेला. त्याच प्लेअरसाठी टेलिफोन एक्स्चेंजमधला एक उंच, किडकिडीत तरुण येऊन उभा होता. तेच मेश्रामकाका. त्यांचे वडील गिरणीत होते, घरात नोकरीला लागलेले हे पहिलेच. प्लेअर आणि रेकॉर्डी दोन्ही घेण्याची ऐपत दोघांचीही नव्हती. बरीच घासाघीस होऊन शेवटी काकाने प्लेअर घेतला आणि मेश्रामकाकांनी दोन रेकॉर्डी. यंत्र एकाकडे, गाणं दुसऱ्याकडे! "आता सोयरीकच झाली म्हण ना गा आपली," असं मेश्रामकाका क्वार्टरच्या फाटकातच म्हणाले, आणि पुढच्या रविवारी रेकॉर्डी काखेत मारून, वाटेतल्या गाडीवरचे पोहे घेऊन हजर झाले. सुरुवातीची काही वर्षं त्यांचा चहा बाहेरच्या जिन्याने वरच जायचा. ते स्वयंपाकघरात कधी आले नाहीत, आणि त्यांना कोणी बोलावलंही नाही. मग एका रविवारी काका त्यांचा हात धरून खाली घेऊन आला, स्वयंपाकघरात दोन पाट मांडले आणि आईला म्हणाला, "वहिनी, वर चहा थंड होतो." आई क्षणभर थांबली. मग तिने दोन कप ओतले. यावर घरात पुढे कधी कोणी काही बोललं नाही.

त्या दोन्ही रेकॉर्डी इंग्लंडमधल्या चार पोरांच्या एका बँडच्या होत्या. बँडचं नाव इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कोणी घेतच नसे. 'ते चौघं' म्हणायचं, की झालं. रेकॉर्डींनाही त्यांची छापील नावं नव्हती. एकीच्या कव्हरवर जहाज होतं म्हणून ती जहाजवाली. दुसरी नुसती पिवळी. तिसरी इतवारीतल्या कापडदुकानाच्या बापूंनी मुंबईच्या व्याह्यांकडून मागवली, तिच्यावर एक उघडी खिडकी होती, म्हणून खिडकीवाली. बापू तिच्यासकट आमच्या खोलीत दाखल झाले ते कायमचेच. आणि चौथी काकाला सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. तिला कव्हरच नव्हतं, पुस्तकांना घालतात त्या खाकी कागदात गुंडाळलेली होती. ती खाकी. रेकॉर्डींवर कुठे साल होतं, कुठे नव्हतं, आणि होतं तेही कलकत्त्याला छापल्याचं. तेव्हा ज्या क्रमाने त्या नागपूरला आल्या, त्याच क्रमाने त्या चौघांनी काढल्या असणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. दुसरं काही असू शकेल अशी शंकाही कोणाला आली नाही. गाडी ज्या क्रमाने स्टेशनात येते त्याच क्रमाने निघालेली असते, असं पार्सल ऑफिसातल्या माणसालाही वाटावं, याचं मला आज हसू येतं ... आणि लगेच रडूही.

वाद एकच होता, आणि तो वर्षानुवर्षं चालला. हे चौघं खरे मोठे झाले ते कोणत्या रेकॉर्डपासून? मेश्रामकाका जहाजवालीचे, बापू खिडकीवालीचे, काका खाकीचा. पिवळीचं कोणीच नव्हतं, म्हणून तिच्यावर चहाचे कप ठेवले जायचे. नियम ठरलेले होते. रेकॉर्डची एक बाजू पूर्ण होईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. नंतर ज्याच्या हातात पोह्यांची बशी, त्याने बोलायचं. आणि शब्दांवरून भांडण झालं तर बेबीला विचारायचं. बेबी म्हणजे मी. तिघांनाही ते इंग्रजी गाण्यात ऐकून कळायचं नाही, आणि मी कॉन्व्हेंटची. म्हणून दहा-अकरा वर्षांची मी प्लेअरशेजारी खाली बसायचे, डोकं स्पीकरला लावून ऐकायचे आणि अर्थ सांगायचे. घरी पाहुणे आले की पलंगाखाली शिरणारी मुलगी त्या खोलीत मात्र बोलायची, कारण बोलणं माझं नव्हतं, दुसऱ्याचं होतं.

"तो म्हणतो की ... त्याच्या खिशात पाऊस आहे," मी एकदा सांगितलं.

"खिशात?" मेश्रामकाका म्हणाले. "त्याले म्हणा, मे महिन्यात नागपूरले पाठव थोडा."

"हेच तर तुम्हाला समजत नाही," बापू डोळे मिटूनच बोलले. ते बहुतेक वेळ डोळे मिटूनच असत. "हे खिडकीवालीतलं खोल बोलणं आहे."

"तुम्ही झोपून राहिले होते बापू. हे गाणं जहाजवालीचं आहे."

"जहाजवालीत तुताऱ्या आहेत मेश्राम," काका म्हणायचा. "व्हायोलिनं आहेत, घंटा आहे, कोणीतरी दार आपटतं. बँड आहे का लग्नाची वरात?"

"वरात तर वरात. पहिल्याच रेकॉर्डमध्ये असं वाजवणं म्हणजे काय खेळ आहे काय? जो मोठा असते ना, तो पहिल्या दिवसापासून मोठा असते. मोठा 'होत' नाही गा कोणी."

"होतो. माणूस होतो."

"काहून?"

यावर काका पोह्यांची बशी मागून घ्यायचा आणि त्याचं आवडतं मत मांडायचा. ते मला पाठ आहे. तो म्हणायचा, माणूस आधी कच्चा असतो. कच्चा असतो म्हणून सगळं वाजवून बघतो ... तुतारी, घंटा, दार. जहाजवालीत ते सगळं आहे. पिवळीत गोंधळ कमी आहे. खिडकीवालीत आणखी कमी. आणि खाकीत? खाकीत फक्त चौघंच उरले. दोन गिटार, एक ढोल, एक गळा. एकेक गोष्ट टाकत टाकत ते तिथवर आले. साधेपणा शेवटी येतो, मेश्राम, सुरुवातीला येत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

हे तो त्या चौघांबद्दल बोलत नव्हता, हे मला फार लवकर कळलं होतं. आमच्या घरात 'खाकी यायची आहे' ही म्हणच झाली होती. शाळेत मी मराठीत नापास झाले आणि गच्चीच्या कठड्याशी तोंड लपवून उभी राहिले, तेव्हा तो शेजारी येऊन उभा राहिला. "काय वं बेबी, तू तर अजून जहाजावरच आहेस. खाकी यायची आहे तुझी." त्याचं नाव बढतीच्या यादीत आलं नाही तेव्हाही हेच. खाप्याच्या एका मुलीशी त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. बोलणी झाली, आणि सुपारी फुटायच्या आदल्या आठवड्यात हा एकटा बसने खाप्याला गेला आणि आपल्या झडपेची गोष्ट स्वतः मुलीच्या वडिलांना सांगून आला. बाबा त्याच्यावर चिडले, आई रडली. काका म्हणाला, "कान्हन नदीला पाणी छान आहे या दिवसांत." मग वर जाऊन खाकी लावली. तिच्या एका कडेला उन्हाने पोक आलं होतं, त्यामुळे फिरताना सुई एकदा वर जायची, एकदा खाली, आणि गाणं बोटीत बसल्यासारखं डोलायचं. त्या दुपारी ती डोलत राहिली. मी जिन्यात बसून ऐकत होते. वर गेले नाही. त्याला ते कळलं असावं, कारण संध्याकाळी खाली येताना माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "यायची आहे अजून."

नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाखाली रेकॉर्डी ठेवणं म्हणजे तव्यावर पापड ठेवणं. खाकीला पोक आलं, आणि तेव्हापासून दर वर्षी ऊन तापू लागलं की रेकॉर्डी खाली आणायच्या, मधल्या खोलीत माठाच्या मागे ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवायच्या आणि मृग लागला की परत वर न्यायच्या, असा रिवाज पडला. काकाला ओझं उचलायची मनाई होती, म्हणून ते काम माझं. तो पुढे चालायचा आणि राजाची पालखी चालल्यासारखा ओरडायचा, "आधी जहाजवाली! मग पिवळी! क्रम चुकवू नको!"

रामटेकची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. मी सातवीत असेन. शाळेला सुट्टी होती, काकाने ऑफिसला दांडी मारली आणि मला घेऊन एस.टी.ने रामटेकला गेला. गिटार जुन्या चादरीच्या खोळीत होती. गडाच्या पायऱ्या तो थांबत थांबत चढला, दर वेळी चपलेचा अंगठा नीट करत. वर देवळामागच्या दगडी कठड्यावर आम्ही बसलो. खाली धानाची शेतं होती, पाणी भरलेली, आणि त्यांत आकाश तुकड्या-तुकड्यांनी सांडलेलं. त्याने गिटार काढली आणि एक चाल वाजवली. शब्द नव्हते. छोटीशीच होती, वर चढत जाणारी, आणि शेवटी एक पायरी खाली उतरून थांबणारी. एक माकड आमच्या चण्यांच्या पुडीपर्यंत आलं आणि पुडी न उचलताच बसून राहिलं. "बघ, श्रोता," काका म्हणाला. मी विचारलं, कोणाची चाल आहे? तो लाजला. मोठा माणूस असा लाजलेला मी तोवर पाहिला नव्हता. "माझीच गं. पहिलीच आहे. पहिली कच्चीच असते. अजून खूप करायच्या आहेत, तेव्हा एखादी बरी जमेल." तेवढ्यात माकडाने पुडी उचललीच.

नंतर त्याने बऱ्याच चाली केल्या असाव्यात. बंद दाराआडून अर्धवट ऐकू यायच्या, मोडायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या. रामटेकची चाल मात्र त्याने परत कधी वाजवली नाही. मी ती विसरले नाही. मला काही म्हणून दाखवता येत नाही, पण आठवतं मात्र सगळं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याला धाप लागू लागली. पायांवर सूज आली. ऑपरेशन मुंबईत होऊ शकेल, पण आता उशीर झाला आहे, असं डॉक्टर बाबांना म्हणाले. गच्चीचा जिना बंद झाला. त्याची खाट, गिटार, प्लेअर आणि रेकॉर्डी असं सगळं खाली मधल्या खोलीत आलं, रविवारची बैठकही तिथेच आली, आणि मेश्रामकाका बऱ्याचदा रात्री घरी न जाता त्याच्या खाटेजवळ सतरंजी टाकून झोपू लागले. काका मात्र डॉक्टरांना सांगायचा, "मला थोडा वेळ द्या. माझी खाकी यायची आहे अजून." डॉक्टर बाबांकडे बघायचे. बाबा म्हणायचे, "काही नाही, घरातलं बोलणं आहे."

अशा दिवसांत मला ते मासिक सापडलं. मी आता एम.ए.ला आहे, इंग्रजी घेऊन. सीताबर्डीला जुनी पुस्तकं चाळताना इंग्लंडमधल्या एका गाण्याच्या मासिकाचा जुना अंक हाती आला आणि त्यात ते चौघं होते. वाचकांची पत्रं होती, पानभर. वाद तोच! हे खरे मोठे झाले ते कोणत्या रेकॉर्डपासून? तिकडची माणसंही याच्यावरच भांडत होती, हे वाचून मला इतका आनंद झाला की अंक विकत घेऊन मी धावतच बस गाठली. बसमध्ये पान उलटलं तर सगळ्या रेकॉर्डींची छोटी चित्रं होती, सालांसकट. त्यांत जहाजवाली होती, खिडकीवाली होती, पिवळीसुद्धा होती. पण क्रम आमचा नव्हता. सगळ्यांत पहिल्या चित्रात एका विटांच्या भिंतीपुढे चार पोरं उभी होती. माझ्याच वयाची. एकाचे कान बाहेर आलेले, एकाचा टाय वाकडा. खाली गाण्यांची नावं होती. ती नावं मी लहानपणापासून ओळखत होते ... ती खाकी होती. खाकी पहिली होती. मग खिडकीवाली, मग पिवळी, आणि जहाजवाली शेवटची. खाली कोणीतरी लिहिलं होतं की त्या पहिल्या रेकॉर्डच्या वेळी त्यांच्याकडे बाकीचे वादक बोलवायला पैसेच नव्हते, म्हणून तिच्यात फक्त चौघंच आहेत.

मी सक्करदऱ्याच्या थांब्यावर उतरले आणि घरी न जाता तलावाच्या काठी बसून राहिले. एकेक टाकत टाकत ते साधेपणापर्यंत पोचले नव्हते. त्यांनी तिथूनच सुरुवात केली होती. काकाने ज्याच्यावर आपला सगळा जीव टांगला होता तो खिळा भिंतीत नव्हताच. आणि हे कळलेली आमच्यात मी एकटी, कारण इंग्रजी वाचणारी मी. लहानपणापासून अर्थ सांगायचं काम माझंच होतं. आता हा अर्थ सांगायचा की नाही? सांगावा, तर जो माणूस 'यायची आहे' एवढ्या दोन शब्दांवर श्वास घेत होता त्याच्या तोंडचे ते शब्द काढून घ्यायचे. न सांगावा, तर त्याने मला विचारलं असतं, 'बेबी, काय म्हणतात ते?' आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला खोटा अर्थ सांगितला असता. अंक मी कपाटात साड्यांखाली ठेवला. बरेच दिवस ठेवला.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. काका उशांना टेकून बसला होता आणि खाकी लावली होती. बाजू संपली, सुई उचलायला मी वाकले, तेव्हा तो म्हणाला, "तुझं मत तू कधी सांगितलंच नाहीस, बेबी. इतकी वर्षं नुसते दुसऱ्याचे अर्थ सांगत आलीस. तुला काय वाटतं? हे मोठे कधी झाले?"

मी आत गेले आणि अंक आणून त्याच्या मांडीवर उघडून ठेवला. त्याने चष्मा लावला. चित्रं पाहिली. बोटाने सालं मोजली. मग पहिल्या चित्रावर बोट ठेवून बराच वेळ त्या चार पोरांकडे बघत राहिला.

"किती लहान आहेत गं," तो म्हणाला. मग, "याचा टाय बघ." आणि मग तो हसायला लागला. छातीत दुखत होतं म्हणून हळू, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे मेश्राम बरोबर. जो मोठा असतो तो पहिल्यापासून मोठा. पण रेकॉर्ड त्याची चुकली! रेकॉर्ड माझी बरोबर आणि मत चुकलं. अर्धं त्याचं, अर्धं माझं ... त्याला सांगू नको बेबी. अर्ध्या विजयावर तो माझं डोकं खाईल, आणि आता मला भांडायला दम नाही."

हसू ओसरलं तेव्हा तो भिंतीकडे बघत होता.

"मग माझं काय गं?" तो हळूच म्हणाला. भिंतीलाच म्हणाला. "मी तर वाट बघत बसलो."

तेव्हा मी गुणगुणले. मी कधी कोणासमोर गायलेली नाही, शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवायचे. पण मी डोळे मिटले आणि रामटेकची चाल म्हटली, सुरुवातीपासून. माझा आवाज फाटत होता. वर चढत गेले, शेवटाशी आले आणि थांबले. डोळे उघडले तर काका माझ्याकडे एकटक बघत होता.

"शेवटी एक पायरी खाली यायचं," तो म्हणाला. "तू वरच थांबलीस."

मी पुन्हा म्हटली. या वेळी खाली आले. त्याने गिटार मागितली, मी ती त्याच्या कुशीत धरून ठेवली, कारण तिचं वजन त्याला पेलत नव्हतं. त्याने तीन-चार सूर लावले आणि बोटं थकली. मग उरलेली चाल मी म्हटली. असं दोनदा झालं. मग त्याने मान उशीवर टेकली.

"बरी होती की गं," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटत होतं. "पहिलीच होती ... आणि बरी होती."

त्यानंतर 'खाकी यायची आहे' हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. मी सांगायला नको होतं का, असं मी स्वतःला विचारते, आणि दर वेळी मला त्याचा तो नवल वाटलेला चेहरा आठवतो. थोड्याच दिवसांनी त्याला दवाखान्यात हलवलं. तिथे मी शेवटची भेटले तेव्हा त्याला बोलायला त्रास होत होता. त्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाने ताल धरला. मी इकडेतिकडे पाहिलं. वॉर्ड माणसांनी भरलेला होता. मी मान खाली घालून, अगदी हळू, म्हटली. शेवटी खाली आले. त्याने मान हलवली.

त्याचं दिवसपाणी झालं आणि पुढच्या रविवारी मेश्रामकाका आणि बापू आले. पोहे आणले होते. गच्चीची खोली मी उघडून, झाडून ठेवली होती, प्लेअर आणि रेकॉर्डी परत वर नेल्या होत्या. बापूंनी कधी नव्हे ते डोळे उघडे ठेवले होते. खाकीची पहिली बाजू संपली. नियमाप्रमाणे आता बोलायचं होतं, पण बशी कोणी उचलेना. काकाची खुर्ची मध्ये तशीच होती. शेवटी मेश्रामकाका, बशीला हात न लावता, म्हणाले, "विनूचंच खरं होतं गा. चौथीच मोठी. मी उगीच भांडत होतो त्याच्याशी." बापूंनी मान डोलावली. एवढ्या वर्षांचा वाद मेश्रामकाकांनी एका वाक्यात सोडून दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. पोहे तसेच राहिले. त्यानंतर ते रविवारी आलेले नाहीत. डबाही आमच्याकडेच आहे.

म्हणून मी हे लिहिलं. मेश्रामकाका रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, हे मला माहीत आहे. काकाने त्यांना सांगू नको म्हटलं होतं, कारण त्याच्यात भांडायला दम उरला नव्हता. माझ्यात आहे. मेश्रामकाका, तुम्ही हरलेले नाही. अर्धं तुमचं आहे. जो मोठा असतो तो पहिल्यापासून मोठा असतो, हे तुमचं म्हणणं त्या चौघांनी खरं केलं. फक्त रेकॉर्ड तुमची चुकली, जहाजवालीत तुताऱ्या आहेत, घंटा आहे आणि कोणीतरी दार आपटतं. तुम्हाला हे मान्य होणार नाही. तुम्ही तावातावाने याल आणि 'काहून?' म्हणाल. उत्तर द्यायला त्या खुर्चीशेजारी, प्लेअरजवळ, मी बसलेली असेन. आता दुसऱ्याचा अर्थ सांगायचा नाही. माझं मत सांगायचं आहे.

ऊन तापू लागलं आहे. काल मी रेकॉर्डी खाली आणल्या. खरा क्रम काय ते मला माहीत आहे, छापलेला अंक माझ्या कपाटात आहे. तरी जिन्याच्या तोंडाशी मी थांबले, आणि पुढे ओरडत चालणारं कोणी नसताना आधी जहाजवाली घेतली. मग पिवळी, तिच्यावर कपांचे गोल डाग आहेत. मग खिडकीवाली. प्रत्येक वेळी मधल्या पायरीवर मी नकळत थांबत होते. सगळ्यांत शेवटी वर गेले आणि खाकी उचलली. कागद पार मऊ झाला आहे, कडेला त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा आहे. ती छातीशी धरून मी हळूहळू खाली आणली आणि माठाच्या मागे, ओल्या पोत्याच्या आडोशाला, बाकीच्यांच्या शेजारी उभी ठेवली.